गरज कोणती, इच्छा कोणती: आईवडिलांचा मान राखत स्वतःचं घर सांभाळताना

लग्नानंतरची पहिली सात वर्षं आम्ही प्रत्येक रविवारी चर्चमधली उपासना संपली की इंदूरच्या स्नेहलतागंजला आईबाबांकडे जेवायला जायचो. वाटेत जलेबी बांधून घ्यायची. बाबा दारात उभे असायचे. जेवण, दुपारची झोप, चहा, आणि विजयनगरला आमच्या फ्लॅटवर परतेपर्यंत रात्रीचे आठ वाजलेले. माझी बायको शाळेत शिकवते, तिला आठवड्यात तो एकच दिवस मोकळा. आठव्या वर्षी एका रविवारी मी आईला फोनवर सांगितलं की ऑफिसचं काम निघालंय. काम निघालं नव्हतं. बायबलमधल्या दहा आज्ञांपैकी आमच्या गणतीतली पाचवी ('आईबापांचा मान राख') मोडायला नको म्हणून मी नववी ('खोटी साक्ष देऊ नको') मोडली होती, आणि तीही आईशीच.

त्या खोटेपणाची लाज वाटली म्हणून मी या विषयाचा नीट विचार करू लागलो. गेली काही वर्षं मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, लग्न ठरलेल्या मुलामुलींशी बोलायचं काम माझ्याकडे असतं, आणि दरवेळी हाच प्रश्न येतो: आईवडिलांना नाही म्हणणं म्हणजे देवाची आज्ञा मोडणं का? इंदूरात हा प्रश्न जरा जास्तच टोचतो. 1877 मध्ये कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचं काम इथे सुरू झालं. नोकरीच्या निमित्ताने पुढे आमच्या आजोबांसारखी काही मराठी ख्रिस्ती कुटुंबं नगरकडून इकडे आली. उपासना हिंदीत, घरात मराठी, आणि सगळे मिळून मूठभर. नातेवाईक तेच, मंडळीही तीच. मुलगा या रविवारी जेवायला का आला नाही, हे पुढच्या रविवारी दहा जणांना ठाऊक असतं.

आधी आज्ञा नीट वाचा

'आपला बाप व आपली आई ह्यांचा मान राख, म्हणजे जो देश तुझा देव परमेश्वर तुला देत आहे त्यात तू चिरकाळ राहशील.' निर्गम 20:12. संडे स्कूलमध्ये पाठ केल्यामुळे ही आज्ञा लहान मुलांसाठी आहे असं आपल्या मनात पक्कं बसलंय. पण ही आज्ञा मिळाली तेव्हा सीनाय पर्वताखाली उभे होते ते मोठे लोक, पोराबाळांचे धनी. मूळ इब्री शब्दाच्या मुळाशी वजनाचा अर्थ आहे: जड असणं. आईबापांना वजन द्या, त्यांना हलकं लेखू नका. आपल्या मराठीतही ज्याला मान असतो त्याच्या शब्दाला वजन असतं. पण वजन असलेला शब्द आणि शेवटचा शब्द या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लेवीय 19:3 मध्ये हीच गोष्ट पुन्हा सांगताना आईचं नाव बापाच्या आधी येतं, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात 'मुलांनो, आज्ञेत राहा' असं आहे. ते वाचताना चौथ्या वचनापर्यंत जा. तिथे बापांना सांगितलंय की मुलांना चिरडीस आणू नका, त्यांना शिस्तीत वाढवा. म्हणजे बोलणं चाललंय ते अजून वाढत असलेल्या मुलांबद्दल. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाने कोणत्या गावी नोकरी करावी, हा त्या वचनाचा विषय नाही, असं मला वाचून वाचून वाटतं.

मग मोठ्या झालेल्या मुलांसाठी या आज्ञेचा अर्थ काय? येशूने तो मार्क 7 मध्ये स्वतः सांगितलाय. तिथे काही माणसं आपली मालमत्ता 'कुर्बान', म्हणजे देवाला अर्पण, असं म्हणून बाजूला ठेवत आणि म्हाताऱ्या आईबापांसाठी काहीच करत नसत. येशू त्यांना म्हणतो की तुम्ही आपल्या परंपरेने देवाचं वचन रद्द केलंत. पाचव्या आज्ञेचं उदाहरण म्हणून त्याने आज्ञाधारक मुलगा घेतला नाही, घेतला तो म्हातारपणीचा खर्च. प्रेषित पौलही 1 तीमथ्य 5 मध्ये तेच सांगतो: आईवडिलांचे उपकार फेडायला शिका, घरच्यांची तरतूद न करणारा विश्वास नाकारतो.

माझा सगळा विचार यावर उभा आहे. आईवडिलांची गरज असेल तिथे हात आखडता घेऊ नये, मंडळीच्या कामाचं निमित्त करूनही नाही. त्यांची इच्छा असेल तिथे मन लावून ऐकावं, आणि मग निर्णय आपण घ्यावा. बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं. इच्छांपुढे माना डोलवतो, गरजेच्या वेळी चिडचिड करतो.

सोडायचं कोणी?

उत्पत्ती 2:24 लग्नात वाचतात आणि विसरून जातात. आपल्याकडे पाठवणी मुलीची होते, रडतात मुलीकडचे. त्या वचनात मात्र आईबापांना सोडायला सांगितलंय पुरुषाला. मी लग्नाआधीच्या वर्गात हे वचन मुलाला मोठ्याने वाचायला लावतो. अर्थ घर बदलणं असा नाही. त्या काळात मुलं बापाच्या तंबूंशेजारीच तंबू ठोकून राहत. सोडायचं असतं ते पहिलं स्थान. एकत्र राहूनही ते सोडता येतं आणि अमेरिकेत जाऊनही सोडता येत नाही.

दोन आठवडे नुसतं लिहा

आता कामाला लागू. एक वही घ्या. दोन आठवडे आईवडिलांशी कशावरून ताण झाला, काय मागितलं गेलं, आपण काय उत्तर दिलं, एवढंच लिहा. या काळात कोणतीही सीमा घालू नका, कोणाला काही सुनावू नका. मग प्रत्येक नोंदीपुढे एक शब्द लिहा: गरज, इच्छा किंवा भीती.

तिसरा शब्द मी नंतर वाढवला आणि तोच सर्वांत उपयोगी पडला. आमच्या वहीतल्या काही नोंदी सांगतो. 'बाबांच्या बीपीच्या गोळ्या संपल्या, मीच आणाव्यात': गरज. 'नातवाचं नाव आजोबांचं ठेवावं': इच्छा. 'पगार किती वाढला ते सांग': मी आधी याला इच्छा म्हटलं होतं, मग बायको म्हणाली, नाही, ही भीती आहे. बाबा निवृत्त शिक्षक. उद्या मोठं आजारपण आलं तर पैसे कुठून येणार, ही त्यांची काळजी. पगार सांगून ती जाणार नव्हती. दवाखान्याची सोय करून ती बरीचशी गेली. दिवसातून चार वेळा येणाऱ्या फोनच्या मागेही बहुतेक भीतीच असते, एकटं पडण्याची. भीतीला सीमा घातली तर ती वाढते. तिच्या मुळाशी असलेली गरज शोधावी लागते.

आणखी एक करा. वहीत आपल्या बाजूच्या मागण्याही लिहा. मुलांना सांभाळायला आई हवी, फ्लॅटच्या डाउन पेमेंटला बाबांचे पैसे हवेत, पण मत नको, हे चालणार नाही. पैसे घेतले की बोलायचा हक्क थोडा तरी दिला जातो. तो द्यायचा नसेल तर पैसे घेऊ नका, किंवा कर्ज म्हणून लेखी घ्या आणि फेडा.

नवरा-बायकोने आधी एकमेकांशी बोला

वही दोघांनी मिळून वाचा. काय सोडायचं, काय धरायचं ते आधी आपसात ठरवा. एक नियम आम्ही कधी मोडला नाही: आपल्या आईवडिलांशी आपणच बोलायचं. मी माझ्या, तिने तिच्या. 'हिला जमत नाही' हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. त्या एका वाक्याने सून कायमची वाईट ठरते आणि मुलगा बिचारा ठरतो. बोलायचं ते 'आम्ही ठरवलंय' असं.

लग्न न झालेल्यांची गोष्ट वेगळी आणि जास्त अवघड. कमावती मुलगी घरातच राहते, पूर्ण पगार घरात देते, आणि तिशी उलटली तरी तिच्या नावावर दहा हजारही नसतात, अशी उदाहरणं मी इथेच पाहिली आहेत. तिला मी सांगतो की घरखर्चाचा वाटा ठरव, तो एक तारखेला न मागता दे, उरलेला तुझा. सगळा पगार आईबापांच्या हातात ठेवणं म्हणजे मान आणि ठरावीक रक्कम देणं म्हणजे बंड, असं पवित्र शास्त्र कुठेही म्हणत नाही.

बोलायची वेळ आणि शब्द

उपासनेनंतर लगेच बोलू नका, मंडळीतले चार जण आजूबाजूला असतात. फोनवर नको. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर मुळीच नको. आठवड्यातली एखादी संध्याकाळ, त्यांच्याच घरी, चहा झाल्यावर. मावशी-काकांना मध्ये घालू नका आणि पहिल्याच फेरीत पाळकसाहेबांनाही (चर्चच्या पास्टरांनाही) नको. मत्तय 18:15 सांगतं की आधी एकांतात बोला. पाळकांना आधी नेलं की आईवडिलांना वाटतं, मुलाने आपल्यावर खटला भरला.

सुरुवात आपण काय करणार आहोत त्यापासून करा. काय करणार नाही, ते नंतर. मी आईबाबांशी बोललो ते साधारण असं:

'बाबा, तुमचं औषधपाणी, डॉक्टर, दर महिन्याचे पैसे ही माझी जबाबदारी आहे, ती कधी चुकणार नाही. आई, महिन्यातले पहिला आणि तिसरा रविवार आम्ही तुझ्याकडे जेवायला येऊ. बाकीचे दोन रविवार आम्ही घरी राहू, मुलांना वेळ देऊ. दर बुधवारी संध्याकाळी मी एकटा येईन.'

कारणांची यादी मी दिली नाही. जितकी कारणं द्याल तितके वाद. 'तुमचे बोलणे होय तर होय, नाही तर नाही' असं असावं, हे येशूचं सांगणं शपथेच्या संदर्भातलं आहे, पण घरातही ते लागू पडतं. 'बघू', 'जमलं तर', 'प्रयत्न करतो' ही उत्तरं ऐकायला गोड लागतात, आणि आई मात्र पोळ्या लाटून वाट बघत बसते.

बाबांनी विचारलंच, 'आज्ञा काय आहे ते विसरलास का?' मी म्हणालो, 'नाही बाबा, म्हणूनच खरं सांगतोय. गेल्या महिन्यात मी काम आहे असं खोटं सांगितलं होतं.' ते बराच वेळ गप्प बसले. आई रडली.

आईच्या रडण्यावर एक सांगतो, कारण इथेच बहुतेक मुलं माघार घेतात. आई रडली म्हणजे आपण पाप केलं असं ठरत नाही. तिला दुःख झालंय, एवढंच ठरतं. तिच्याजवळ बसावं, पाणी द्यावं, हात धरावा. फक्त तिला शांत करायला ठरलेली गोष्ट मागे घेऊ नये. मागे घेतली की पुढच्या वेळी जास्त रडावं लागतं, तिलाही.

दिलेला शब्द पाळा

सीमा टिकते ती कडक बोलण्याने नाही, दिलेलं वेळेवर दिल्याने. बुधवार म्हणजे बुधवार. पाऊस असो, विजयनगरच्या चौकात गाड्या तुंबलेल्या असोत. पहिले तीन महिने आई दर दुसऱ्या रविवारी फोन करायची, 'पुरणपोळी केलीय, येताय ना?' मी म्हणायचो, 'आई, बुधवारी येऊन खातो, ठेव माझ्यासाठी.' आणि बुधवारी खायचो. चौथ्या महिन्यात तो फोन थांबला.

या दिवसांत मला योहानाचं शुभवर्तमान फार आधाराला आलं. त्यात येशूची आई मरीया दोनच ठिकाणी समोर येते: काना गावच्या लग्नात आणि वधस्तंभापाशी. काना गावात ती द्राक्षारस संपल्याचं येशूला सांगते. येशूचं उत्तर आपल्या कानाला कठोर लागतं: माझी वेळ अजून आली नाही. कधी काय करायचं ते तो आईच्या हाती देत नाही. पण लग्नघराची अडचण खरी असते आणि ती तो भागवतो. वधस्तंभावर, श्वास घेणं कठीण झालेलं असताना, तो आईला शिष्याच्या स्वाधीन करतो: हा तुझा मुलगा, ही तुझी आई. तिने राहायचं कुठे, याची सोय. आईच्या इच्छेने त्याचा मार्ग बदलला नाही, आणि आईची गरज तो मरतानाही विसरला नाही. बारा वर्षांचा असताना तो मंदिरात मागे राहिला, आणि मग नासरेथला जाऊन त्यांच्या आज्ञेत राहिला, हे लूक त्याच अध्यायात लिहितो. वय वाढलं तसं मान राखण्याचं रूप बदललं.

पैसे, दवाखाना, मृत्युपत्र

इथे नुसत्या भावनेवर भागत नाही.

दर महिन्याची रक्कम ठरवा आणि बँकेतून आपोआप त्यांच्या खात्यात जाईल अशी सूचना देऊन ठेवा. आईबापांना मागायला लागू नये. भाऊ-बहीण असतील तर कोण पैसे देणार आणि कोण वेळ, ते समोरासमोर ठरवा. माझी बहीण नाशिकला आहे. ती विम्याचा हप्ता भरते, धावपळ मी करतो.

आईवडिलांपैकी कोणी सत्तर वर्षांचं झालं असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी पूर्ण केलेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत उपचारांचं संरक्षण मिळतं. आधार कार्डावर काम होतं. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन 14567 आहे. हा क्रमांक त्यांच्या फोनमध्ये आपण स्वतः साठवून द्या.

आता मृत्युपत्र. ही गोष्ट आपल्या समाजात फार थोड्यांना माहीत आहे. ख्रिस्ती माणसाची वाटणी 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने होते. मुलगा मृत्युपत्र न करता गेला आणि मागे बायको-मुलं असतील तर एक तृतीयांश बायकोला, दोन तृतीयांश मुलांना. आईवडिलांना काहीही नाही. त्यामुळे आईबाबा तुमच्यावर अवलंबून असतील तर त्यांच्यासाठीची रक्कम मृत्युपत्रात लिहा. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही. आणि याच कायद्यात असंही आहे की लग्न केलं की लग्नाआधी केलेलं मृत्युपत्र रद्द होतं. म्हणजे लग्नानंतर ते नव्याने करायचं. आईवडिलांचा मान कागदावर कसा दिसतो असं कोणी विचारलं तर मी हेच सांगेन.

दुसऱ्या बाजूने, आईवडिलांनी घर मुलाच्या नावावर करून दिलं आणि मुलाने पाहिलंच नाही, अशा वेळी 2007 चा पालक व ज्येष्ठ नागरिक कायदा आहे. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता परत मिळवण्याची सोय त्यात आहे. ती अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहून घ्यायला आईबाबांना तुम्हीच सांगा. त्याच कायद्याखाली महिन्याला 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मागता येतो, मुलाकडून आणि मुलीकडूनही.

लांब असाल तर

पुण्याला किंवा परदेशात असलेली मुलं अपराधी भावनेने पोखरलेली असतात. त्यांना मी दावीद दाखवतो. 1 शमुवेल 22 मध्ये शौल राजापासून जीव वाचवत फिरणारा दावीद आपल्या आईबापांना मवाबच्या राजाकडे नेऊन ठेवतो आणि सांगतो की यांना तुमच्याजवळ राहू द्या. त्याला स्वतः जवळ राहणं शक्य नव्हतं. त्याने विश्वासाचा माणूस शोधला, स्वतः जाऊन बोलला. तुम्हीही इंदूरातला एक माणूस ठरवा, शेजारी किंवा मंडळीतला, त्याच्याकडे किल्ली, डॉक्टरचा नंबर आणि थोडे पैसे ठेवा, आणि त्याला आठवड्यातून एकदा फोन करा. व्हिडिओ कॉलची वेळ ठरलेली असू द्या.

विश्वासाचा किंवा सुरक्षिततेचा प्रश्न आला तर

काही जण घरातले पहिले ख्रिस्ती विश्वासी असतात, आईवडील दुसऱ्या धर्माचे. त्यांनी घरी जाणं अधिक वाढवावं, कमी करू नये. जेवावं, आजारपणात रात्री जागाव्यात. जी गोष्ट उपासनेची आहे, तिथे नम्रपणे बाजूला उभं राहावं आणि का ते एकदाच सांगावं. आज्ञेत 'विश्वासी आईबाप' असं लिहिलेलं नाही.

पण मारहाण, दारू, सुनेचा छळ, लहानपणचे अत्याचार, हे 'इच्छा' या खान्यात बसत नाहीत. इथे वहीही नको आणि चहाही नको, अंतर हवं. शौलाने योनाथानावर, पोटच्या मुलावर, भाला फेकला तेव्हा योनाथान त्या मेजावरून संतापाने उठून गेला. दावीद पळाला. शौल त्याचा सासरा. हाती सापडला तेव्हाही दावीदाने त्याच्यावर हात उचलला नाही, पण परत त्याच्या घरी राहायलाही गेला नाही. 'शक्य तर सर्व माणसांबरोबर तुम्हांकडून होईल तितके शांतीने राहा', रोमकरांस 12:18. 'शक्य तर' आणि 'तुम्हांकडून होईल तितके' हे दोन्ही शब्द पौलाने विचार करून घातलेत. कोणी तुम्हाला 'क्षमा कर आणि परत जा' असं सांगत असेल, तर क्षमा आणि परत जाणं यांत फरक आहे, हे त्यांना सांगायचा तुम्हाला हक्क आहे. धोका असेल तर 112, बाईवर अत्याचार होत असेल तर 181, मन कोलमडलं असेल तर टेली-मानस 14416.

वर्षातून एकदा वही पुन्हा उघडा

नाताळ आणि नवं वर्ष यांच्यामधला आठवडा आम्ही यासाठी ठेवतो. गरजा बदलतात. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. त्या वर्षी रविवारचा हिशेब आम्ही रद्द केला आणि चार महिने रोज रात्री कोणीतरी आईकडे झोपायला जात होतं. घातलेली सीमा गरजेसमोर हलवता आली पाहिजे. गरज ओसरली की ती परत जागेवर ठेवावी, हेही सांगूनच.

गेल्या डिसेंबरात वही उघडली तेव्हा आई म्हणाली, 'माझंही एक लिही.' मी पेन घेतलं. ती म्हणाली, 'बुधवारी संध्याकाळी येऊ नकोस. महिला मंडळाची प्रार्थना आता माझ्याकडे असते, तू आलास की बायका मोकळ्या बोलत नाहीत. गुरुवारी ये.' मी बुधवार खोडून गुरुवार लिहिला.